कलम चौदा आणि बंद तिजोरी

"ती तिजोरी मी शुक्रवारच्या आत उघडून दाखवतो," असं वाक्य मी म्हटल्याची नोंद आमच्या क्लबच्या सभावृत्तात आहे. सभावृत्त मीच लिहितो, कारण सेक्रेटरी मीच. त्यामुळे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायची सोयसुद्धा उरली नाही. शिवाय अक्षर माझं. चौतीस वर्षं शाळेत भूमितीय रेखाटन शिकवलेल्या माणसाचं अक्षर शंभर मैलांवरून ओळखू येतं.

झालं असं, की आमच्या ला रिबेरा क्लबच्या संघातल्या वॉल्टरने सोमवारी सकाळी गॅसचं सिलिंडर उचललं आणि तो तसाच राहिला. म्हणजे सिलिंडर खाली ठेवलं, पण वॉल्टर काही वर आला नाही. काटकोनात वाकलेला वॉल्टर बायको आणि मेहुण्याने धरून घरी नेला. इकडे रविवारपासून गोळ्यांची गावस्पर्धा. ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: एक लहान गोळी टाकायची, मग लाकडी मोठे गोळे तिच्या जवळात जवळ न्यायचे, आणि दुसऱ्याचा गोळा आडवा आला तर तो उडवायचा. बस. एवढ्यासाठी आमच्या सान्ता दोरोतेआ गावात माणसं भावाभावांशी बोलायची बंद झालेली आहेत. संघ चौघांचा. नावांची यादी शुक्रवारी पाच वाजेपर्यंत स्पर्धेच्या कचेरीत द्यायची. आणि आमच्याकडे उरले तीन.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. माझी बायको निबिया तळलेल्या पोळ्यांचं ताट घेऊन आत आली, ते टेबलावर ठेवलं आणि पदाधिकाऱ्यांसमोर हात पुसत म्हणाली, "चौथी मी खेळते."

 सगळ्यांच्या तोंडातली पोळी एकाच वेळी थांबली.

आता निबिया खेळते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रोज सकाळी मैदान झाडायला जाते आणि झाडून झाल्यावर तासभर गोळे टाकते. एकतीस वर्षांच्या संसारात तिने दहा पावलांवरून मला संत्रं, चप्पल आणि एकदा बीट मारलेलं आहे, आणि एकदाही नेम चुकलेला नाही. पण माहीत असणं वेगळं आणि यादीत नाव घालणं वेगळं.

अध्यक्ष ओलिव्हियो बेन्तांकुर उभे राहिले. जकात खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मिशीसुद्धा शिक्का मारल्यासारखी. "निबियाताई," ते म्हणाले, "तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण कलम चौदा."

"काय आहे कलम चौदात?"

"खेळाडू पुरुष असावा."

"दाखवा."

"नियमावली तिजोरीत आहे."

"मग तिजोरी उघडा."

"तिजोरी उघडत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, ताई."

"म्हणजे तुम्ही कलम चौदा वाचलेलंच नाही."

"वाचायचं कशाला?" अध्यक्ष दुखावले. "सगळ्यांना माहीत आहे!"

यावर निबिया अध्यक्षांकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागली. "क्लबचा सेक्रेटरी कोण आहे?" तिने विचारलं. हे तिला माहीत होतं. त्या नजरेखाली माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, जे वर दिलं आहे.

तिजोरी आमच्या उपाहारगृहाच्या कोपऱ्यात उभी आहे. हिरवी, छातीइतकी उंच. दारावर शंभर रेघांची गोल तबकडी, ती अमुक आकड्यांवर उजवी-डावी फिरवली की दार उघडतं. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने धंदा गुंडाळताना ती क्लबला दिली होती. आकडे फक्त जुने सेक्रेटरी आबायुबा लारोसा यांना ठाऊक होते. एकोणीस वर्षांपूर्वी डोमिनो खेळता खेळता ते गेले. हातात सोंगट्या चांगल्या होत्या, असं अजून सांगतात. त्यानंतर तिजोरीवर टीव्ही आला.

मंगळवारी सकाळी मी आबायुबांच्या पत्नीकडे, नेलिदाबाईंकडे गेलो. त्यांनी दारातच माते नावाच्या आमच्याकडच्या कडू चहाचा पेला माझ्या हातात दिला, सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन संतांच्या तसबिरीमागून एक चिठ्ठी काढून आणली. चिठ्ठीवर आबायुबांच्या हातचं: ३१-६२-१७.

"तुमच्याकडे होतं तर एकोणीस वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या.

मी क्लबात अक्षरशः पळत आलो. तबकडीसमोर बसलो. एकतीस, बासष्ट, सतरा. मूठ खाली ओढली. काही नाही. सतरा, बासष्ट, एकतीस. काही नाही. तोवर बातमी पसरली होती, आणि आमच्या गल्लीत बातमी पसरली की खुर्च्यांसकट पसरते. लोक आपापली खुर्ची आणि काखेत थर्मास घेऊन आले. कोणी म्हणालं, आधी चार वेळा गरगर फिरवायचं. कोणी म्हणालं, डावीकडून सुरुवात. कोणी म्हणालं, मास्तर तुम्ही उठा, तुमचा हात जड आहे. माझा हात! ज्या हाताने मी फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढत असे आणि मुलं टाळ्या वाजवत, तो हात!

मला हा अपमान गिळायला पाण्याची गरज होती, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. एवढीच चूक झाली. परत आलो तोवर वॉल्टरला दोघांनी धरून आणलं होतं आणि काटकोनातूनच त्याने निदान केलेलं होतं. वॉल्टरचं गॅरेज आहे. त्याच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी तेलाने सुटतात आणि उरलेल्या जास्त तेलाने. गॅरेजचं तेल हाताशी नव्हतं म्हणून पोळ्या तळायचं तेल तबकडीच्या फटीत सोडण्यात आलं. चांगलं अर्धी वाटी.

"आता बघा मास्तर, कशी लोण्यासारखी फिरेल."

फिरली. इतकी फिरली की थांबायला तयार होईना. एकतीसवर सोडली की स्वतःहून चौतीसवर जायची.

बुधवारी मी जनावरांच्या डॉक्टरांकडून छाती तपासायची नळी मागून आणली. तिजोऱ्या कानाने उघडतात, हे गावातल्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. नळी गाईगुरांची, त्यामुळे चांगली लांब. मी एक टोक कानात घातलं, दुसरं दारावर लावलं, आणि तबकडी फिरवू लागलो. आतून मला धाडधाड ऐकू आलं. मी हात वर केला. सगळे पुढे सरकले. "धडधडतंय!" मी म्हणालो.

"मास्तर," कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "नळी तुमच्या शर्टावर टेकलीय."

डॉक्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, हृदय उत्तम आहे, बैलासारखं. लोकांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढचे दोन दिवस मला रस्त्यात "काय बैल मास्तर" म्हणून विचारत होते.

त्या संध्याकाळी निबिया केस कापायला गेली आणि तासाभरात प्रश्न सोडवून आली. न्हाविणीची मावशी बसने दोन तासांवर राहते. तिच्या शेजारच्या एर्सिलिया पेर्दोमो नावाच्या बाई, वय शहात्तर, उभा जन्म बँकांच्या तिजोऱ्या दुरुस्त करण्यात गेला. निबियाने फोन लावला. बोलणं मला पलंगावरून ऐकू येत होतं, कारण दोन्ही बाजू ओरडत होत्या.

"पोलिसांचं पत्र आणा!" फोनमधून आवाज आला. "पत्राशिवाय मी परक्याच्या तिजोरीला बोट लावत नाही! आणि मधे कोणी तेल घालू नका!"

"नाही नाही," निबिया म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

गुरुवारी मी ठाण्यात गेलो. तिथले फौजदार भले गृहस्थ. ते म्हणाले, पत्र देतो, त्यात काय, फक्त तिजोरी तुमच्या क्लबची आहे असा कागद दाखवा.

"कागद आहे."

"छान. कुठे आहे?"

"तिजोरीत."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तिजोरी उघडायला कागद लागणार."

"हो."

"आणि कागदासाठी तिजोरी उघडायला लागणार."

"बरोबर."

"मग अवघड आहे मास्तर," ते म्हणाले, आणि मला खरोखर वाईट वाटलं, माझ्यापेक्षा त्यांच्याबद्दल. कारण घड्याळात बाराला दहा कमी होते आणि बाराला ते जेवायला घरी जातात.  शेवटी भुकेनेच त्यांना बुद्धी दिली. साक्षीदार चालतील! पण साक्षीदारांनी काय सांगायचं? तिजोरी क्लबची आहे हे कोणी पाहिलेलं? मी वॉल्टरला आणि नेलिदाबाईंना बोलावून आणलं. वॉल्टर टेबलाच्या उंचीवरच असल्याने त्याला सही करणं सोपं गेलं. पत्रात अखेर असं लिहिलं गेलं: "सदर तिजोरीवर गेली एकोणीस वर्षं सदर क्लबचा टीव्ही उभा असून तिजोरीने त्यास कधीही हरकत घेतलेली नाही, सबब ती क्लबचीच असावी." बाराला एक मिनिट कमी असताना शिक्का बसला.

शुक्रवारी सकाळी साडेआठच्या बसने एर्सिलियाबाई उतरल्या. ठेंगण्या, पायात कापडी बूट, हातात डॉक्टरांसारखी काळी पिशवी. मी पिशवी घ्यायला पुढे झालो, तर त्यांनी माझ्याच हाताला धरून विचारलं, "न्याहारीत काय आहे?" न्याहारी झाल्यावर त्यांनी पोलिसांचं पत्र वाचलं, मग त्या तिजोरीसमोर स्टुलावर बसल्या, टीव्ही खाली घ्यायला लावला, तबकडीला नाक लावून हुंगलं आणि वळून म्हणाल्या, "सूर्यफुलाचं?"

सगळी खोली खाली ठेवलेल्या टीव्हीकडे बघू लागली. टीव्ही बंद होता.

"घालणारा कुठे आहे?"

वॉल्टरने मान खाली घातली, म्हणजे ती होतीच.

मग अध्यक्षांनी कारभार हातात घेतला. कानाचं काम आहे, टाचणी पडली तरी चालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दारं बंद झाली. भिंतीवरचं घड्याळ काढून अंगणात नेलं. फ्रीज घुरघुरतो म्हणून त्याची वायर काढली. पन्नास माणसं खुर्च्यांवर श्वास रोखून बसली. एकाला शिंक येत होती, त्याला मागच्या मागे बाहेर काढण्यात आलं. चाळीस मिनिटं आमच्या गल्लीत कोणी बोललं नाही. अशी वेळ गावाच्या इतिहासात पूर्वी आलेली नव्हती. एर्सिलियाबाई तबकडी जराशी फिरवत, थांबत, वहीत काहीतरी लिहीत.

शेवटी निबियाने त्यांच्या खांद्याला हात लावून पाणी पुढे केलं. त्यांनी चमकून वर पाहिलं, पिशवीतून चष्म्याची डबी काढली, डबीतून कानाचं यंत्र काढलं, कानात घातलं आणि म्हणाल्या, "काय म्हणालीस बाळ? यंत्र काढून ठेवलं होतं. त्याशिवाय मला काही ऐकू येत नाही."

अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण... तुम्ही ऐकत होतात ना?"

"ऐकायचं काय त्यात? कानाने सिनेमात उघडतात." त्या हसल्या. "आत तीन चकत्या आहेत. प्रत्येकीला एकेक खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरचा दांडा त्यांत पडतो आणि दार सुटतं. चकती खाचेजवळ आली की दांडा केसभर खाली बसतो. ते बोटांना कळतं. किती बसला ते लिहायचं आणि कागदावर मांडायचं. बोला, मोठ्याने बोला, मला काय त्याचं! आणि तो फ्रीज लावा कोणीतरी, आतलं मांस वितळेल."

मी वाकून त्यांची वही पाहिली. आकड्यांचे रकाने होते आणि बाजूला आलेख. काय सांगू! हाताने काढलेली रेघ, ठिपके गोल नाहीत, खालच्या अक्षावर अंतरं कमीजास्त. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण चौतीस वर्षांचं रक्त आहे. "बाई," मी म्हणालो, "याला पट्टी लावली असती तर..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लावाल?"

मी घरी धावलो. फळी, पट्टी, गुण्या, टोक केलेल्या तीन पेन्सिली घेऊन आलो. मग त्या तबकडी फिरवून दांडा दोन्ही बाजूंना कुठे टेकतो ते सांगत, "डावा सव्वापाच, उजवा सोळा आणि थोडं," आणि मी ठिपका मांडत असे. थोडं म्हणजे किती, असं मी विचारलं की त्या म्हणत, "पेन्सिलच्या टोकाइतकं," आणि मला ते कळत असे. असे शेकडो ठिपके. रेघ सरळ चालली होती, सरळ चालली होती, आणि मग बावीसपाशी ती जराशी खाली बसली. मी बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. पुढे सत्तेचाळीस. मग एकोणऐंशी.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमची रेघ फार चांगली आहे हो."

 शाळेतून निवृत्त होताना मला एक घड्याळ दिलं होतं, भाषणंही झाली होती. पण रेघेबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. निबिया कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. मी पेन्सिलीला टोक करू लागलो.

तीन आकडे मिळाले, पण क्रम ठाऊक नव्हता. तीन आकड्यांचे सहा क्रम. चौथ्या खेपेला आत काहीतरी हलकेच पडलं, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं, फक्त उघडणारीला सोडून; तिने यंत्र पुन्हा काढून ठेवलं होतं. दार उघडलं. बाहेर गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत आरोळी पोचली.

"मग एकतीस-बासष्ट-सतरा कसले?" नेलिदाबाई गोंधळल्या. थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! दर आठवड्याला ते सोडतीत लावायचे, ते आकडे! तेही जन्मात कधी उघडले नाहीत."

तिजोरीत ग्राप्पा या द्राक्षाच्या दारूची एक बाटली निघाली, मालकीचा कागद निघाला (फौजदारांना कळवायला माणूस धावला), आणि कापडात गुंडाळलेली नियमावली. अध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी घेतली, घसा साफ केला आणि पान उलटून विजयी आवाजात सुरुवात केली, "कलम चौदा! मैदानावर..."

ते थांबले.

"वाचा ना," निबिया म्हणाली.

"मैदानावर कोंबड्या सोडू नयेत," अध्यक्षांनी कसंबसं वाचलं. "सोडल्यास त्या क्लबच्या सामुदायिक जेवणात जमा होतील."

हसणं इतकं झालं की वॉल्टर हसता हसता दोन अंश सरळ झाला. मी पुस्तक घेऊन आधीची पानं चाळली. कलम तीन सापडलं. ते मी मोठ्याने वाचलं: "वस्तीत राहणारं कोणीही माणूस सभासद होऊ शकेल. बाई की पुरुष हे पाहू नये. गोळा कसा टाकतं ते पाहावं." खाली संस्थापकांच्या सह्या. पहिली तीन नावं वाचली. चौथं वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. "एतेल्विना बेन्तांकुर. खेळाडू."

अध्यक्षांच्या आईचं नाव एतेल्विना.

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि खिडकीशी गेले. बराच वेळ ती सही बघत राहिले. "मी लहान असताना," ते आमच्याकडे न वळताच म्हणाले, "माझ्याकडे एक लाकडी गोळी होती. आई द्यायची खेळायला. मला वाटायचं, सगळ्या मुलांकडे असते." मग त्यांनी रुमाल काढला, मिशी पुसली, आणि वळले तेव्हा पुन्हा अध्यक्ष झालेले होते. "मी नेहमी सांगत आलो आहे," त्यांनी गरजून सांगितलं, "की नियमावलीचं अक्षर न् अक्षर पाळलं गेलं पाहिजे! निबियाताई, तुमचं नाव यादीत!"

इथे गोष्ट संपायला हवी होती. घड्याळात दोन वाजले होते, कचेरी पाचपर्यंत उघडी होती. पण एर्सिलियाबाई म्हणाल्या की असं तेलकट कुलूप टाकून मी बसमध्ये बसणार नाही. त्यांनी दाराच्या मागचं झाकण काढलं, चकत्या एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. जुनं वंगण सुकून करपलेल्या साखरेसारखं झालं होतं, आणि त्यावर वॉल्टरचं योगदान. ते सगळं त्यांनी खरवडून, पुसून, स्पिरिटने धुऊन काढलं आणि काडीच्या टोकावर मावेल एवढं नवं वंगण लावलं. "एवढंच," त्या वॉल्टरला काडी दाखवत म्हणाल्या. "एवढंच, बाळा."

कुलूप परत बसवून झाल्यावर नवे आकडे लावायचे होते. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण माझी रेघ चांगली. "ही किल्ली मागून घाला, आणि आकडे डावीकडच्या लहान खुणेवर लावा. वरच्या मोठ्या नव्हे. ती उघडताना." मग कानाचं यंत्र डबीत ठेवून त्या हात धुवायला गेल्या. जाता जाता मोठ्याने बजावून गेल्या, "दार उघडं ठेवून तीनदा तपासल्याशिवाय कोणी दाराला हात लावू नका!"

मी आकडे लावले. त्याच वेळी एक माणूस मला विचारत होता, मास्तर, ग्राप्पा पस्तीस वर्षांची असेल का. आणि रेखाटन शिकवणाऱ्या माणसाला वर म्हणजे वरच. मी किल्ली काढली आणि ग्राप्पाकडे वळलो.

मागे खट्ट झालं.

अध्यक्षांनी नियमावली तिजोरीत ठेवली होती, दार लावलं होतं, मूठ फिरवली होती आणि वर तबकडीला एक जोरदार गिरकी दिली होती. "इतका मौल्यवान दस्तऐवज," ते म्हणाले, "असा उघड्यावर? आता सुरक्षित आहे."

यादीसोबत मूळ नियमावली दाखवल्याशिवाय कचेरी नवं नाव घेणार नव्हती. सव्वाचार वाजले होते. मी तबकडीशी बसलो. एकदा. दोनदा. तीनदा. गल्ली पुन्हा आपोआप शांत झाली. निबिया यादीचा कागद हातात घेऊन दाराशी उभी होती. 

एर्सिलियाबाई हात पुसत आल्या. बंद दार पाहिलं, माझा चेहरा पाहिला, यंत्र कानात घातलं. "कुठल्या खुणेवर लावलेत मास्तर?"

"वरच्या," मी म्हणालो. इतकं लहान वाक्य बोलायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

मला वाटलं त्या रागावतील. त्या पोट धरून हसल्या. "बँकेचे तीन मॅनेजर असेच अडकवून बसले होते! अहो, म्हणजे सगळे आकडे दहा घरं सरकले, एवढंच." त्यांनी आकडे कानात विचारले, मनाशी दहा-दहा सरकवले, तबकडी फिरवली, मूठ ओढली. दार उघडलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं त्यांनी अर्ध्या मिनिटात संपवली. नंतर त्यांनी मला डावीकडच्या खुणेवर पुन्हा लावायला लावलं आणि दार सताड उघडं ठेवून तीनदा तपासायला लावलं. प्रत्येक वेळी सगळे मोठ्याने मोजत होते. अध्यक्षांना दारापासून पाच पावलांवर उभं केलं होतं.

पाचला वीस कमी. वॉल्टरची गाडी निबियाने चालवली, कारण वॉल्टर फक्त मागे आडवा मावत होता आणि गाडी एकटी जाऊ द्यायला तयार नव्हता. अध्यक्ष नियमावली छातीशी धरून बसले होते. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला, कलम तीन पाहिलं, मान डोलावली आणि मग ओठ चावला. "नियमात बसतं. पण अर्जात बसत नाही."

"म्हणजे?"

"चारही नावांपुढे 'श्री.' छापलंय. श्री. निबिया कसं चालेल? आणि खोडाखोड असेल तर अर्ज बाद."

अध्यक्ष पुस्तक उघडून कलमं वाचू लागले. तीन वाचलं, जोशात कोंबड्यांचंही वाचलं. कारकून घड्याळाकडे बघत होता. निबियाने अर्ज स्वतःकडे ओढला.

"खोडू नका," ती म्हणाली. "टिंबावरून रेघ पुढे नेते आणि दोन अक्षरं वाढवते. वाढवलेलं चालतं ना?"

कारकुनाने विचार केला. वाढवण्याविरुद्ध त्याला काही आठवेना. निबियाने 'श्री'च्या पुढे बारीक अक्षरात 'मती' लिहिलं. पाचला दोन मिनिटं असताना शिक्का पडला, आणि मागे गाडीत आडव्या पडलेल्या वॉल्टरने हॉर्न वाजवा म्हणून आरडाओरडा केला.

रविवारी आमचा पहिलाच सामना बंदरवाल्यांशी. एर्सिलियाबाईंची बस चुकली होती, म्हणजे त्यांनी ती चुकू दिली होती; त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गुण चौदा-चौदा, आणि ज्याचे पंधरा होतील तो जिंकला. शेवटचा गोळा निबियाच्या हातात, आणि बंदरवाल्यांचा गोळा लहान गोळीला अगदी चिकटून बसलेला. मी कुंपणावरून वाकून कोन डोळ्यांनी मोजला. "निबिया," मी म्हणालो, "डावीकडून हळू, सुमारे बारा अंशांत..."

"हेबेर," ती मागे न बघता म्हणाली, "गप."

तिने दोन पावलं टाकली आणि गोळा हवेत सोडला. तो खाली आला तो थेट बंदरवाल्यांच्या गोळ्यावर. तो गोळा फळीपर्यंत उडाला आणि तिचा त्याच्या जागी बसला, लहान गोळीला गाल लावून.  मग अध्यक्ष ओलिव्हियो बेन्तांकुर, वय एकोणसत्तर, कुंपणावरून उडी मारून मैदानात शिरले आणि "आईचा हात! माझ्या आईचा हात!" असं ओरडत सगळ्यांना मिठ्या मारू लागले. त्यांत बंदरवालेही होते.

गर्दी जरा ओसरल्यावर बंदरवाल्यांचा कप्तान निबियाशी हात मिळवून माझ्याकडे आला. "आणि आपण कोण?" त्याने विचारलं.

मी क्लबचा सेक्रेटरी, तिजोरीचा आलेख माझा, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण म्हणालो, "मी हिचा नवरा."

"नशीबवान आहात," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली. निबियाने आपले दोन गोळे, संघातल्या सोबत्याचे दोन गोळे आणि मैदानातली सगळी माती माझ्या पांढऱ्या शर्टावर सोपवली आणि ती मधोमध जाऊन उभी राहिली. तो फोटो आता उपाहारगृहाच्या भिंतीवर आहे. मी त्यात अगदी उजव्या कडेला, अर्धाच आलो आहे. पण हसू मात्र पूर्ण आलं आहे.